वृषणाच्या कॅन्सरला चौथा टप्पा नसतो

वृषणाच्या कॅन्सरबद्दलचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय, की याचे चार टप्पे असतात, गाठ जेवढी मोठी तेवढा टप्पा वरचा, आणि फुप्फुसात गेला की चौथा टप्पा, मग काही महिनेच हातात. पुढे सल्ला: टप्पा पक्का कळेपर्यंत वृषण काढू देऊ नका, आधी सुईने तपासा, कापलं की पसरतं. माझ्या भाच्याचं निदान नुकतंच झालंय, त्याच्या फुप्फुसातही ठिपके आहेत. हा मेसेज वाचून ताई ऑपरेशन पुढे ढकलायचं म्हणायला लागली, तेव्हा मात्र राहवेना.

चौथा टप्पा नाहीच. टीएनएम या कॅन्सरचे टप्पे ठरवायच्या जगभर चालणाऱ्या पद्धतीत वृषणाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यावर संपतो. दूर पसरलेला आजारही तिसऱ्यातच धरतात आणि त्याचे ए, बी, सी असे भाग पाडतात. इतर कॅन्सरचा तक्ता उचलून इथे चिकटवलाय, बाकी काही नाही.

गाठीचा आकार? सेमिनोमा या प्रकारात 3 सेंटिमीटरची एक रेषा आहे, एवढं मान्य. पण ती पहिल्या टप्प्याच्या आतली बारीक विभागणी आहे. तेवढ्याने कुणी दुसऱ्या टप्प्यात जात नाही. दुसरा टप्पा ठरवायला आकार मोजतात तो पोटाच्या मागच्या भागातल्या लसिका ग्रंथींचा (लिम्फ नोड्सचा): 2 सेंटिमीटरपर्यंत, 2 ते 5, आणि 5 च्या वर. जांघ सोडून थेट पोटात का बघायचं? कारण गर्भात वृषण मूत्रपिंडांजवळ तयार होतं आणि नंतर खाली उतरतं. त्याच्या लसिका वाहिन्या अजूनही तिथेच वर जातात.

आता सगळ्यात घातक सल्ल्याकडे येतो. 'टप्पा कळेपर्यंत वृषण काढू नका' हे म्हणजे पूर्ण उलटं झालं. वृषण काढल्याशिवाय टप्पा पुरता ठरतच नाही! काढलेल्या वृषणाची तपासणी झाली की प्रकार कोणता, रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्यात का, हे कळतं. शिवाय या कॅन्सरच्या टप्प्यात रक्तातल्या खुणाही, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढू शकणारे काही पदार्थ, मोजल्या जातात: एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. त्यांचे आकडे धरायचे ते ऑपरेशननंतरचे. एएफपी निम्मं व्हायला 5 ते 7 दिवस लागतात, एचसीजीला 1 ते 3. त्या गतीने ते उतरले नाहीत, तर स्कॅन स्वच्छ असला तरी शरीरात कुठेतरी आजार उरलाय असं डॉक्टर समजतात. ऑपरेशन लांबवून टप्पा कळणार कसा? आजार फार पसरून जीव धोक्यात असेल तर क्वचित आधी कीमो देतात, पण तो निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा.

'कापलं की पसरतं' यात एक अर्धसत्य लपलंय. अंडकोशाच्या त्वचेतून सुई किंवा सुरी घातली तर लसिकेचा मार्ग बिघडू शकतो, म्हणून वृषण जांघेतल्या छेदातून, शुक्ररज्जूसकट (वृषणाला वर जोडणाऱ्या, रक्तवाहिन्या असलेल्या दोरीसकट) काढतात. म्हणजे मेसेज ज्याची भीती घालतो ते टाळण्यासाठीच हे ऑपरेशन अशा पद्धतीने करतात, आणि जे टाळायचं ती सुई मेसेज स्वतःच सुचवतो. चीड येते ती याचीच.

फुप्फुसाचं तर फारच चुकीचं लिहिलंय. फुप्फुसात गेलेला आजार तिसरा टप्पा खरा, पण ऑपरेशननंतर रक्तातल्या खुणा कमी असतील तर तो तिसऱ्याचा ए भाग. उलट फुप्फुसं स्वच्छ, फक्त पोटातल्या ग्रंथी वाढलेल्या, पण एएफपी 10,000 च्या वर असेल तर तो सी भाग, म्हणजे जास्त गंभीर. पसरलेल्या आजारासाठी एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, 1997 चं, 2021 मध्ये नव्याने तपासलेलं; रुग्ण जगण्याची शक्यता किती, यावरून ते चांगला, मधला आणि वाईट असे गट पाडतं. त्या नव्या तपासणीत सेमिनोमा नसलेल्या प्रकाराचे साडेनऊ हजारांहून जास्त रुग्ण होते. चांगल्या गटातले 96 टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, मधल्या गटातले 89. आणि वृषणातून सुरू झालेला आजार फुप्फुसात गेला, एवढ्यावरून कुणी चांगल्या गटाबाहेर जात नाही. यकृत, हाडं किंवा मेंदूत गेला तर जातो. त्या सर्वांत वाईट गटातसुद्धा 67 टक्के. 'काही महिने' कुठून आणले?

मेसेजमधल्या उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. 'रक्त तपासणी नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही' हे खोटं आहे; सेमिनोमात एएफपी वाढतच नाही आणि बाकीच्या खुणाही बऱ्याचदा नॉर्मल असतात. 'वृषण काढलं की बाप होता येत नाही' हेही खोटं. दुसरं वृषण निरोगी असेल तर ते बहुतेकदा पुरतं. कीमोने शुक्राणू घटू शकतात, म्हणून उपचार सुरू होण्याआधीच वीर्य साठवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, शक्य असेल तर ऑपरेशनच्याही आधी.