उपराष्ट्रपतींना पगार कशाचा मिळतो?

२१ जुलै २०२५च्या रात्री उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या राजीनाम्याची बातमी आली, तेव्हा एका मित्राने लिहिलं होतं, ‘असू दे रे, कुणाचं काय अडतंय? शोभेचं पद.’ तेव्हा उत्तर दिलं नाही, एका ओळीत मावणारं नव्हतं. आज देतो.

आधी पगार. महिन्याला ४ लाख रुपये. पण ते उपराष्ट्रपती म्हणून नव्हेत! राज्यघटनेने त्या पदाला वेगळा पगारच ठेवलेला नाही. पैसे मिळतात ते राज्यसभेचे पदसिद्ध सभापती म्हणून. राष्ट्रपतींच्या जागी काम करायची वेळ आली की सभापतिपदाचं काम थांबतं आणि तो पगारही. खरी नोकरी कुठली, ते इथेच कळतं.

राष्ट्रपतींच्या जागी बसण्याची वेळ क्वचित येते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष गेले की उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी राष्ट्राध्यक्षच होतात. ट्रूमन १९४५ साली जेमतेम ८२ दिवस उपाध्यक्ष होते, मग थेट राष्ट्राध्यक्ष. आपल्याकडे सहा महिन्यांच्या आत नवे राष्ट्रपती निवडायचे, तोवर उपराष्ट्रपतींनी गाडा ओढायचा. पण तेवढ्यात काय होऊ शकतं बघा. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं आणि कारभार उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींकडे आला. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला तो त्यांच्या सहीने. दुसऱ्या दिवशी गिरी राजीनामा देऊन स्वतःच राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात! दोन्ही खुर्च्या रिकाम्या, मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतींच्या जागी. (तशी सोय करणारा कायदा मे महिन्यातच करून ठेवला होता, हे नशीब.)

एरवीची सत्ता मात्र सभापतींच्या खुर्चीत आहे. मतदान त्यांना एरवी करता येत नाही, मतं समसमान पडली तरच. पण कुणाला बोलू द्यायचं, कुठली नोटीस दाखल करून घ्यायची, हे तेच ठरवतात. डिसेंबर २०१७ मध्ये तेव्हाचे सभापती व्यंकय्या नायडूंनी पक्षांतरबंदीखाली शरद यादव यांची खासदारकी रद्द केली. एप्रिल २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांना हटवण्याची विरोधकांची नोटीस त्यांनीच फेटाळली. हे निर्णय बरोबर की चूक, यावर वाद घाला. पण शोभेच्या माणसाला असे निर्णय घ्यावे लागत नाहीत.

माझी तक्रार वेगळी आहे. या खुर्चीवर कोण बसणार ते ठरवतं कोण? राज्यसभा म्हणजे राज्यांचं सभागृह, निदान नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तरी. मात्र उपराष्ट्रपतींना निवडतात दोन्ही सभागृहांचे खासदार, प्रत्येकी एक मत. लोकसभेचे ५४३, राज्यसभेचे फार तर २४५. राष्ट्रपतींना मत देणाऱ्या आपल्या २८८ आमदारांना इथे विचारतच नाहीत. म्हणजे ज्याची लोकसभा त्याचाच सभापती, बहुतेक वेळा. सप्टेंबर २०२५ मध्ये आपले तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले, त्यात आश्चर्य कुणालाच वाटलं नाही.

हटवायचं असेल तर ठराव राज्यसभेतच मांडावा लागतो, १४ दिवस आधी नोटीस देऊन. तो सभागृहातल्या एकूण सदस्यांच्या बहुमताने मंजूर व्हावा लागतो, वर लोकसभेची संमती. डिसेंबर २०२४ मध्ये विरोधकांनी धनखड यांच्याविरुद्ध अशी नोटीस दिली, उपराष्ट्रपतींविरुद्धची पहिलीच. उपसभापती हरिवंश यांनी ती फेटाळली.

पंच नेमणार एक संघ, आणि दुसऱ्या संघाने त्याच्यावर विश्वास ठेवायचा. काँग्रेसच्या काळातही हे असंच होतं, त्यामुळे कमेंटमध्ये ‘तेव्हा कुठे होतात’ विचारू नका, इथेच होतो.

मला वाटतं, राष्ट्रपतींसारखंच आमदारांनाही या निवडणुकीत मत द्यावं. घटनादुरुस्ती लागेल. म्हणजे आधी दोन तृतीयांश खासदारांनी स्वतःच्या मताचं वजन कमी करून घ्यायला हात वर करायचे. तू म्हणशील, स्वप्नं बघ. बघतोय.