धबधबा पुरे, आता माटोळी दाखवा

गोव्याच्या सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराकडच्या तालुक्यांचं पर्यटन म्हणजे धबधबा, असं ठरूनच गेलंय. पावसात रविवारी गाड्यांची रांग लागते. गावाच्या वाट्याला चहा-भजीचा एखादा गाडा येतो आणि बाटल्यांचा खच. पाणी सगळ्यांनाच दिसतं, त्यासाठी गावकऱ्याची गरज कुणाला?

गरज पडते ती झाडं ओळखायला. चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधलेली माटोळी बघा, म्हणजे रानातली आणि बागेतली फळं-फुलं टांगलेली लाकडी चौकट. नारळाची पेण, सुपारीचं शिपटं, कांगलां, घागऱ्यो, कवंडाळ, फागलां, आंबाडे. कोणती वेल कुठल्या उतारावर, कधी पिकते, हे ठाऊक असलेलं माणूस डोंगराकडच्या गावांत अजून सापडतं. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत लोक शेकडो प्रकार मांडतात. त्याच स्पर्धेपायी रान ओरबाडलंही जातं, हेही बोललं पाहिजे.

म्हणून पाहुण्यांना झाडं दाखवायची फेरी न्यायची ती रानात नव्हे, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, आणि त्याच्या कडेकडेने. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं 1999 साली जाहीर झाली. आत वन्यजीव कायदा लागतो, पाहुण्यांसाठी फळं-मुळं तोडणं चालणार नाही. कुळागर खाजगी असतं. सुपारी, मिरवेल, केळ, भिरंड (कोकम) सगळं दोन तासांच्या चालीत भेटतं.

एका गटात आठ माणसं, जास्त नकोत. पावसाच्या आवाजात मागच्याला ऐकूच येत नाही. सोबत दोघं हवीत: एक जाणकार, बहुतेकदा घरातली वयस्क बाई, आणि एक हिंदी-इंग्रजी बोलणारा मुलगा. माणशी 800 धरले तर 6400 होतात. त्यातले जाणकाराला 2000, दुभाष्याला 1200, कुळागरवाल्याला 800, जेवणाला माणशी 200 प्रमाणे 1600 आणि उरलेले 800 रोपवाटिकेला. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदला, पण जाणकाराचा वाटा सगळ्यांत मोठा राहू दे. कारण गाडं नेमकं इथेच अडतं: मुलगा एका मोसमात पन्नास नावं पाठ करतो आणि पुढच्या वर्षी म्हातारीला कुणी बोलावत नाही.

2002च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीची समिती असते, तिने लोकांबरोबर बसून गावातल्या जैवविविधतेची नोंदवही करायची असते. शास्त्रीय नावांची यादी चिकटवली म्हणजे नोंदवही झाली, असं मी मानत नाही. गावातलं नाव, वापरायचा भाग, महिना, वापरण्याची रीत आणि सांगणाऱ्याची परवानगी, एवढं तरी त्यात हवं. दुर्मिळ झाडाची जागा मात्र पाहुण्यांसमोर सांगायची नाही. नरक्या या झाडापासून कॅन्सरच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन मिळतं हे कळल्यावर सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड झाली.

जेवणात रानभाजी जरूर वाढा, पण घाई नको. लुतीत, म्हणजे रानसुरणाच्या भाजीत, कॅल्शियम ऑक्झलेट असतं. आंबट घालून नीट शिजवली नाही तर घसा खाजतो आणि पाहुणा परत येत नाही. किल्ल, म्हणजे बांबूचा कोवळा कोंब, पातळ चिरून रात्रभर भिजत घालायचं, पाणी बदलायचं, उकडून तेही पाणी ओतून द्यायचं. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून अर्धवट उकडलेलं ताटात नको. रोयणीवरची, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवणारी अळमी (अळंबी) तर यादीतूनच काढा, असं माझं मत. ती वाळवीच्या आधारानेच वाढतात, लागवड जमत नाही. छत्री उघडण्याआधीच कळे खुडले की बीजाणू पडत नाहीत. त्यात पर्यटकांची मागणी वाढली तर काय उरेल?

औषध मात्र द्यायचं नाही. मूळ दाखवा, गोष्ट सांगा, पण पुडी बांधून हातात देऊ नका. काजऱ्याच्या (कुचल्याच्या) बीत स्ट्रिक्निन असतं, मात्रा चुकली की जीवावर बेततं. शिवाय कित्येक रोगांवर गुण येईल अशी जाहिरात करायला 1954च्या कायद्याने बंदी आहे.

चवथ सरली की मोसम संपला असं नाही. एप्रिल-मे भिरंडांचा. फळ चिरून बी-गर वेगळा करायचा, साली उन्हात घालायच्या, मग मीठ घातलेल्या रसात बुडवून परत वाळवायच्या, असं तीन-चारदा. वळीव आला आणि साली भिजल्या की बुरशी धरते, म्हणून ताडपत्री हाताशी हवी. बिया वाळवून, फोडून, आतला मगज वाटून पाण्यात उकळला की तेल वर येतं. निवल्यावर घट्ट होतं, त्याचे गोळे वळायचे. भेगाळलेल्या टाचांना हे भिरंडेल शहरातली माणसं आनंदाने विकत घेतात. सोलांची पाकिटं विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून ठेवा.

एक खबरदारी. सत्तरीत 2015 पासून गोचिडी चावून होणारा माकडताप आहे, आणि डिसेंबर ते मे हा त्याच्या गोचिडींचा काळ. तेव्हा मे महिन्यातला कार्यक्रम अंगणात आणि खळ्यावरच ठेवा. रानाकडे जायचंच असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, पाचोळ्यावर बसायचं नाही, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ. हे नोंदणी घेतानाच लिहून कळवा, दारात आल्यावर नको.