काकूंच्या कागदावरच्या दोन फुल्या

आज दुपारी शेजारच्या काकूंचा पासपोर्ट परत आला. सोबत छापील कागद. व्हिसा नाकारण्याच्या कारणांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे चौकट, आणि त्यातल्या दोन चौकटींत फुली. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. चष्मा पुसून म्हणाल्या, "फुली म्हणजे चूक. माझं नेमकं कुठलं उत्तर चुकलं?"

त्यांची फाइल बघितली आणि डोकं फिरलं.

काकू तीन आठवडे जर्मनीला, भाचीचं बाळ बघायला निघाल्या होत्या. इतकं सरळ कारण. पण एजंटाने अर्जात लिहिलं 'पर्यटन'. का, तर म्हणे नातेवाईक दाखवले की संशय येतो! मग तीन शहरांतली हॉटेलं, तीही चार दिवसांत आपोआप रद्द होणारी बुकिंग्ज. अहो, फाइल वाचणारा माणूस हॉटेलकडे चौकशी करू शकतो. बुकिंग सापडलं नाही की पडली पहिली फुली: प्रवासाच्या हेतूबद्दलची माहिती विश्वासार्ह नाही. खरं कारण हाताशी असताना खोटं सांगायला पैसे मोजले आपण.

दुसरी फुली, मुदत संपण्याआधी परत याल याबद्दल शंका. ही उसन्या साडेचार लाखांची करामत. काकूंच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते, वीजबिल जातं, औषधांचे पैसे जातात. याहून बोलकं स्टेटमेंट कुठलं? पण "बॅलन्स दिसायला हवा" म्हणून अर्जाच्या आठ दिवस आधी पुतण्याकडून साडेचार लाख आणून भरले. सहा महिने पन्नास-साठ हजारांत फिरणारं खातं एका दिवसात उडी मारतं आणि खुलासा कुठेच नाही. हे पैसे उसने आहेत हे ओळखायला ज्योतिषी लागतो का? आणि ज्या गोष्टी काकूंना इथे बांधून ठेवतात, म्हणजे पेन्शनचा आदेश, नावावरचं घर, दोन एफडी, घरी असलेले काका, त्यातला एकही कागद फाइलमध्ये नाही. एकही नाही!

"पैसे दाखवायचे असतात" हा सल्ला एजंटच देतात असं नाही. आपल्या ग्रुपवर रोज कुणीतरी देतंच.

मान्य, सगळे एजंट असे नसतात. अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही म्हणून लोक त्यांच्याकडे जातात, हेही खरं. पण शेंगेनचे, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचे, नियम काही गुप्त नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत ताणता येतात, म्हणून १५ वर विसंबून तिकीट काढू नका. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला, परतीनंतर किमान ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी. ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथून शिरणार त्याच्याकडे. 'अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते' म्हणून तिकडे फाइल टाकणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, पूर्ण मुक्कामाचा. काकूंची पॉलिसी परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी संपत होती. एक दिवस! तारखा कुणी ताडून बघितल्याच नाहीत.

फी ९० युरो. नकार आला की ती गेली. वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे आणि एजंटाचे पैसे वेगळे.

बरं, सगळं चोख असूनही नकार येतो, तेही पाहिलंय. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला तुम्ही परत याल कशावरून असं विचारणं मुळात अपमानकारकच आहे, आणि त्याचं उत्तर कागदांनी द्यावं लागतं याचा राग येतो तो येतोच. जर्मनीने तर १ जुलै २०२५ पासून फेरविचाराचा अर्जही बंद केला. आता कोर्टात जा, नाहीतर नवा अर्ज करा.

काकू नवा अर्ज करणार आहेत. त्यासाठी थांबावं लागत नाही, दुसऱ्या दिवशीही करता येतो. आधीचा नकार मात्र लपवायचा नाही. तो शेंगेनच्या व्हिसा सिस्टिममध्ये पाच वर्षांपर्यंत राहतो आणि सगळ्या शेंगेन देशांना दिसतो.

या वेळी कारण खरं: नातेवाइकांची भेट. भाचीचं पत्ता आणि तारखांसह पत्र, तिच्या पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची प्रत, बाळाचा जन्मदाखला. आणि नातं सिद्ध करणारी साखळी, जी बहुतेक जण विसरतात. भाचीच्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नानंतरचं नाव, काकूंच्या पासपोर्टवर त्यांचं लग्नानंतरचं. दोघी बहिणी आहेत हे परक्या माणसाला कळणार कसं? म्हणून दोघींचे माहेरच्या नावाचे शाळेचे दाखले, वडिलांचं नाव एकच दिसणारे, आणि दोघींच्या लग्नाची प्रमाणपत्रं. खर्च भाची करणार असती तर तिला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन रीतसर हमीपत्र करावं लागलं असतं. 'मावशीचा सगळा खर्च मी करीन' एवढ्या ईमेलवर भागत नाही. पण काकू म्हणाल्या, माझ्या पेन्शनमधून जाईन. मग पेन्शनच दाखवू.

कव्हरिंग लेटर त्यांनी स्वतःच लिहायला घेतलंय. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं. अडीच पानं झाली होती, एका पानात बसवा म्हटलं. "बाळाचं वजन लिहू का?" नको, काकू.

साडेचार लाख पुतण्याला परत गेले. आता तेही स्टेटमेंटमध्ये दिसणार, आले तसे गेलेले. त्यामुळे त्या एका पानात त्यावरही दोन ओळी घालायच्या आहेत: कुणी दिले, का भरले, कधी परत केले. काकूंना ते लिहायची लाज वाटतेय. एजंट दोन दिवस फोन उचलत नाहीये.