एमएस्सी केली की हात जातो? एका परिसेविकेला उत्तर

ताई, नमस्कार.

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण पहिलं सुचलं ते रागातलं होतं. तुम्ही नाव दिलेलं नाही, 'सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेली परिसेविका' (म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) एवढंच लिहिलंय, म्हणून ताई म्हणते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. मी एम.एस्सी. नर्सिंग करा म्हणून लिहिलं होतं. त्यावर ताई म्हणतात, ही डिग्री म्हणजे नाईट चुकवायची पळवाट आहे. "एमएस्सी झालेल्या मॅडमना साधं आयव्ही लावता येत नाही आणि त्या आमच्या मुलींना शिकवतात." शिवाय वॉर्ड चालवणं अनुभवानं येतं, त्याला कॉलेज कशाला? शेवटी मुलीबद्दल एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तरही शेवटीच देते.

आयव्हीचं, म्हणजे सलाईनसाठी शिरेत सुई बसवण्याचं आधी, कारण लागलं ते तेच. एम.एस्सी.ची दोन वर्षं कॉलेजात काढून मी वॉर्डात परत आले त्या आठवड्यातली गोष्ट. जुलाबानं पार सुकून गेलेले एक आजोबा, हातावर शीर म्हणून दिसत नव्हती. मी दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर फुटली. आजोबा काही बोलले नाहीत, नुसतं हाताकडे बघत राहिले. मग जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन वर्षही न झालेल्या एका मुलीनं टूर्निके, म्हणजे हाताला आवळलेला पट्टा, जरा वर सरकवला, बोटानं चाचपलं आणि एका फटक्यात इंट्राकॅथ (शिरेतली नळी) बसवली. वर मलाच म्हणाली, "होतं मॅडम कधी कधी." त्या 'मॅडम'नं जे काही झालं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा ताई, हात जातो हे तुमचं म्हणणं खरं आहे. दोन वर्षांत गेलेला हात मला दोन महिन्यांत परत मिळाला. दहा-दहा वर्षं वॉर्डाची पायरी न चढलेल्यांचं काय होत असेल, ते तुम्ही लिहिलंच आहे.

पण तो डिग्रीनं जात नाही. आपण कॉलेज आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये जी भिंत बांधून ठेवलीय, तिच्यामुळे जातो. वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) कॉलेजच्या शिक्षिका वॉर्डाची जबाबदारीही सांभाळतात, ही तिथली जुनी रीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिक्षिका मुलींना वॉर्डात सोडायला येते, हजेरी घेते आणि केस स्टडीच्या वह्या तपासत कोपऱ्यात बसते. नियमही हेच मोजतात. प्राचार्य व्हायला एम.एस्सी. आणि बऱ्याच वर्षांचा अनुभव लागतो, त्यातही शिकवण्याचा. तुम्ही शेवटची नाईट कधी केली, हे कुणी विचारत नाही. मी सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी हँडिंग ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवतात तेव्हा, वॉर्डात हजर असते आणि दोन पेशंट स्वतः घेते. टाइमटेबलमध्ये ते बसत नाही, त्यावरून कटकट होते, होऊ दे.

पळवाटीबद्दल फार बोलत नाही. काही जणी त्यासाठीच येतात. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता आणि महिन्याच्या नाईट लागल्या की घरात कुणाचं कुणाशी पटायचं नाही, हे कारण माझ्याही यादीत होतं. पहिलं नव्हतं, पण होतं.

आता वॉर्ड चालवण्याचं. इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

मी स्टाफ नर्स असतानाची एक नाईट. सोबतच्या सिस्टरनं सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन या अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटर उचललं, सिरिंजमध्ये भरलं आणि पावडरच्या व्हायलमध्ये (बाटलीत) टोचण्याआधी सवयीनं लेबल पुन्हा वाचलं. पोटॅशियम क्लोराइड. दहा मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट. तसंच शिरेत गेलं असतं तर पेशंटचं हृदय तिथंच थांबलं असतं. दोन्ही अँप्यूल पारदर्शक, उंची सारखी, आणि ट्रेमध्ये शेजारी शेजारी.

सकाळी तिनं आपणहून इन्चार्जना सांगितलं. आमच्या इन्चार्ज बावीस वर्षं अनुभवाच्या, मनानं फार चांगल्या, माझ्या बाळंतपणात डबा पाठवणाऱ्या. त्यांनी खुलासा लिहून घेतला. 'यापुढे असे होणार नाही', खाली सही. ट्रे जसा होता तसाच राहिला. आम्ही सगळ्याजणी त्या दिवशी एकच गोष्ट शिकलो, की पुढच्या वेळी सांगायचं नाही.

मग एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी नर्सिंग मॅनेजमेंटच्या पेपरात मला सेमिनारला विषय आला, औषधांच्या चुका. लायब्ररीत जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या सूचना हाताला लागल्या. त्यात तीव्र (कॉन्सन्ट्रेटेड) पोटॅशियमसारखी द्रावणं वॉर्डातल्या साठ्यातून काढून ठेवा, असं स्वच्छ लिहिलेलं. वाचताना आमचा तो ट्रे डोळ्यांपुढे आला आणि घशात काहीतरी अडकलं. तिथंच मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचं चीजच्या चकत्यांचं मॉडेल भेटलं. प्रत्येक चकतीला भोकं असतात, सगळ्यांची भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. (मुलींना मी चीज सांगत नाही, एकावर एक रचलेले जाळीदार अनारसे सांगते. लगेच कळतं.) चूक त्या सिस्टरच्या हातात होती तेवढीच ट्रेमध्ये होती, रात्री दोघींवर टाकलेल्या पेशंटच्या संख्येत होती.

पुढे तीन वर्षं मी परिसेविका होते. पोटॅशियम कुलपात गेलं, त्याचं वेगळं रजिस्टर झालं, काढताना दोघींच्या सह्या. आणि एक वही ठेवली, होता होता राहिलेल्या चुकांची. नाव लिहायचं नाही, खुलासा नाही. पहिले पंधरा दिवस वही कोरी. मग एका रात्री कुणीतरी लिहिलं, 'सारख्या आडनावाचे दोन पेशंट, इन्सुलिन दुसऱ्याला देणार होते.' त्यानंतर वही भरायला लागली.

हे अनुभवानंही सुचलं असतं, असं तुम्ही म्हणाल. सुचलं असतं. पण आमच्या इन्चार्जना बावीस वर्षांत एक दुपार तरी कुणी दिली का, खुर्चीत बसून वाचायला? ड्युटी लिस्ट, ऑफवरची भांडणं, इंडेंट (सामानाची मागणी), लिनन काउंट, राउंडच्या वेळी हरवलेले एक्स-रे. त्यांची बुद्धी कमी नव्हती, वेळ नव्हता. १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली, १९५९ साली दिल्लीत पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. इतक्या वर्षांनीही बहुतेक वॉर्डांत सर्वांत ज्येष्ठ सिस्टरला एक दिवस किल्ल्या देतात आणि म्हणतात, चालवा.

शिकवण्याचंही तसंच. पहिल्या मायक्रोटीचिंगला, म्हणजे छोट्या सराव-पाठाला, मी पाच मिनिटं उत्साहानं बोलले. गाईड मॅडम म्हणाल्या, "छान, पण फळ्याला समजलं, मुलींना नाही." अकरा वर्षं मी विद्यार्थिनींना वॉर्डात अशीच 'बघ आणि कर' म्हणत आले होते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मीच कबूल करते. आपले प्रबंध. 'अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता.' साठ जण गोळा करा, पूर्वचाचणी घ्या, शिकवा, सात दिवसांनी पुन्हा चाचणी, गुण वाढले, टी-व्हॅल्यू (संख्याशास्त्राची कसोटी) लक्षणीय. शिकवल्यावर गुण वाढले नसते तर ती बातमी होती! माझाही तसलाच होता, मधुमेहींनी पायांची निगा कशी राखावी यावर. त्यातल्या किती जणांनी पुढे रोज पाय तपासले, ते मी मोजलंच नाही. यावर हसायचं असेल तर खुशाल हसा, मी सामील आहे.

आता तुमच्या मुलीचं. इंटर्नशिप संपली, लगेच एम.एस्सी.ला बसू म्हणतेय, काय सांगू, असं तुम्ही विचारलंय. बी.एस्सी.ला ५५ टक्के हवेत आणि त्यानंतर वर्षभराचा अनुभव हवा, तेव्हा लगेच असं होणारच नाही. काही जणी कुठूनतरी अनुभवाचा दाखला आणतात, वॉर्ड न बघता. तेवढं तिला करू देऊ नका. ते वर्ष मेडिसिन नाहीतर सर्जरीच्या गर्दीच्या वॉर्डात काढू दे, नाईटसकट, आणि जमलं तर एक नाही, तीन वर्षं. कुठली शाखा घ्यायची ते तिला तिथंच कळेल. आत्ता तिला बालरुग्ण हवंय म्हणता. मलाही तेच हवं होतं, शेवटी मेडिकल-सर्जिकल केलं.

तिनंही तेच घेतलं तर कळवा. माझ्या दोन वर्षांच्या वह्या अजून माळ्यावर आहेत, पाठवून देईन. रिसर्चची वही मात्र मागू नका, तिच्यात पानोपानी चहाचे डाग आहेत आणि मार्जिनमध्ये गाईड मॅडमबद्दल बरंच काही लिहिलेलं आहे.