बसेल हो, न बसायला काय झालं?

प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्याला सल्ले फुकट मिळतात, डिफ्रन्शियल मात्र मिळत नाही. आमच्या 1979 च्या पद्मिनीचं क्राऊन-पिनिअन, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफ्रन्शियलमधली दात्यांच्या चाकांची जोडी, रडायला लागलं, तेव्हा शेजारच्या काकांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी निदान केलं. कुणी बेअरिंग म्हणालं, कुणी सायलेन्सर. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "विकून टाका." त्यांचा डोळा पार्किंगवर आहे.

आमच्या मेकॅनिकने, म्हणजे उस्तादांनी, डिफ्रन्शियलचं ऑईल काढलं. त्या गिअर ऑईलला गंधकाचा असा चिवट वास असतो, की साबणाने हात घासघासून धुतले तरी रात्री वरणभातात येतो. तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता. "साहेब, दुसरं डिफ्रन्शियल आणा."

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि 2023 मध्ये टॅक्सी म्हणून पद्मिनी संपली. मागे उरले ते सुटे भाग. ज्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी बनायची, त्याच कुर्ल्याच्या भंगारात मला डिफ्रन्शियल मिळालं. "टॅक्सीचं आहे. सेम टू सेम. डोळे झाकून बसवा," दुकानदार म्हणाला. पैसे मात्र त्याने डोळे उघडे ठेवून मोजले.

आता थोडं यंत्रशास्त्र. कंटाळा आला तर गाळा. लेझीमची रांग वळताना आतल्या टोकाचा पोरगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा जीव खाऊन धावतो. मागच्या चाकांचं वळणावर तेच होतं, आणि दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणं हे डिफ्रन्शियलचं काम. त्यातून दोन बाजूंना दोन एक्सल शाफ्ट निघतात. शाफ्टच्या टोकाचे दाते, म्हणजे स्प्लाईन, आतल्या साईड गिअरच्या भोकात बरोबर शिरले पाहिजेत. पद्मिनीचा चेहरामोहरा वर्षानुवर्षं फारसा बदलला नाही, म्हणून पोटातही सगळं तेच असणार असं जो तो धरून चालतो. पण टॅक्सीच्या पोटात कुणाकुणा मिस्त्रीने काय काय घातलं, याची नोंद कुठल्याच आरटीओत नसते.

शाफ्ट तोंडाशीच अडला. उस्तादांनी ग्रीस लावलं, फिरवून पाहिलं, मग हातोडीकडे पाहिलं. "बसेल हो, न बसायला काय झालं?" मी हातोडी उचलून डिकीत टाकली.

मग दाते मोजणं आलं. गोल वस्तूचे दाते मोजताना सुरुवात कुठून केली तेच हरवतं, म्हणून बायकोच्या पाकिटातली एक टिकली मागून आणली आणि पहिल्या दात्यावर चिकटवली. तेलकट लोखंडावर टिकली काही ठरेना. मी मोजत पुढे जायचो आणि ती माझ्यामागे एकेक दाता सरकायची. माझा आणि उस्तादांचा आकडा शेवटपर्यंत जुळला नाही. शाफ्टचा आणि गिअरचा मात्र नक्कीच वेगळा, यावर एकमत झालं.

शेवटी उपाय उस्तादांनीच काढला, आणि तो अस्सल होता: जुन्या डिफ्रन्शियलमधले चारही छोटे गिअर काढून नव्याच्या पिंजऱ्यात घालायचे. पिंजरा नशिबाने सारखा निघाला. शाफ्ट खट्‌ करून आत गेला आणि आम्ही चहा मागवला.

गाडी आता गप्प चालते. फक्त क्राऊन-पिनिअन टॅक्सीचं राहिलं. पिनिअनला 8 आणि क्राऊनला 39 दाते असतील, तर गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा 4.875 वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. आमच्या जुन्या जोडीत तो त्याहून कमी वेळा फिरायचा. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्यामुळे तिला यातलं काहीच कळत नाही. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी पंचावन्नच्याही आत असते. उस्तादांकडे तक्रार नेली.

"साहेब," ते म्हणाले, "ही आधी तरी कधी साठने गेली होती?"