पर्याय मुलांचा, टिक आपली

आठवीचा निकाल लागला की आयसीएसईच्या पालकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप एकाच प्रश्नावर रात्री बारा-बारापर्यंत जागे राहतात. "ग्रुप थ्रीला काय घ्यायचं? स्कोअरिंग काय आहे?" मुलांना काय आवडतं हे मात्र आमच्या ग्रुपवर अजून कुणी विचारलेलं नाही. जरा लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

ज्यांची मुलं स्टेट बोर्डात आहेत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आयसीएसईत विषयांचे तीन गट असतात. पहिला सगळ्यांना सक्तीचा: इंग्रजी, दुसरी भाषा आणि इतिहास-नागरिकशास्त्र-भूगोल. दुसऱ्या गटातून दोन विषय घ्यायचे, तिथे शंभरातली नव्वद घरं डोळे मिटून गणित आणि विज्ञान घेतात. तिसऱ्या गटातून एकच विषय घ्यायचा आणि खरी निवड काय ती तिथेच असते. आयसीएसईची परीक्षा घेणाऱ्या कौन्सिलची यादी उघडून बघा, चांगली ऐसपैस आहे: कॉम्प्युटर, कमर्शियल, इकॉनॉमिक अॅप्लिकेशन्स, आर्ट, परफॉर्मिंग आर्ट्स (म्हणजे डान्स, म्युझिक, ड्रामा), होम सायन्स, कुकरी, फॅशन डिझायनिंग, फिजिकल एज्युकेशन, योगा, टेक्निकल ड्रॉइंग, मास मीडिया. यातले निम्मे गुण शाळा देते, निम्मे बोर्ड. नववीत एकदा विषय नोंदवला की दहावीपर्यंत तोच.

माझी मुलगी पुण्यातल्या एका मिशनरी शाळेत आहे. तिच्या फॉर्मवर त्या सगळ्या यादीतले चार विषय होते: कॉम्प्युटर, कमर्शियल, पीई (फिजिकल एज्युकेशन) आणि आर्ट. खाली बारीक अक्षरात 'पुरेशी विद्यार्थिसंख्या असल्यासच विषय सुरू करण्यात येईल', आणि त्याखाली पालकांची सही. विद्यार्थिनीच्या सहीला जागाच नाही. पोरगी लहानपणापासून कथक शिकतेय, गांधर्वच्या परीक्षा देतेय. तिने कौन्सिलची यादी स्वतः शोधून काढली आणि मला फोन दाखवत म्हणाली, "आई, इथे डान्स आहे. मग आपल्या फॉर्मवर का नाही?"

मी हाच प्रश्न शाळा चालवणाऱ्या सिस्टरांना जाऊन विचारला. सिस्टरांनी उडवाउडवी केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. म्हणाल्या, "डान्स मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. आर्टला दरवर्षी मोजक्या मुली असतात, तेवढ्यांसाठी मी टीचर ठेवते. त्यावर पालक मला विचारतात, फी कशाला वाढवली." यावर मी काय बोलणार?

मग पालकांची सभा झाली. हॉल भरलेला, पंखे गरगरतायत, पुढे प्रोजेक्टरवर विषयांची माहिती चाललेली. कमर्शियल शिकवणाऱ्या टीचर मनापासून सांगत होत्या की मुली जाहिराती कापून आणतात, दुकानदारांशी बोलून येतात. तेवढ्यात मागून एक बाबा उठले आणि म्हणाले, "मॅडम, ते ठीक आहे, पण पीईला अॅव्हरेज किती येतो?" अर्धा हॉल पेन काढून बसला. ज्या मुलीला आम्ही कुणी कधी मैदानावर पाहिलेलं नाही तिच्यासाठीही पीईवर टिक झाली. आता ती बाई दोन वर्षं व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटर असतं हे घोकेल. बॉलला हात लागेलच असं नाही.

स्टेट बोर्डवाल्यांनी हसू नये, तुमच्याकडे तेच आहे, फक्त नावं वेगळी. कुठल्याही कॉन्व्हेंटच्या दहावीच्या वर्गात जा, फर्नांडिस आणि डिसूझा आडनावाच्या मुली पूर्ण संस्कृत घेऊन बसलेल्या दिसतील. त्यांना कालिदास वाचायचाय म्हणून असेल तर मी त्यांच्या पाया पडेन. पण कारण विचारलं तर उत्तर एकच: हिंदीत मार्क कापतात, संस्कृतात पैकीच्या पैकी मिळतात. ज्यांना तेही नको ते जर्मन घेतात. पुण्यात जर्मनला काही तोटा नाही, बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, चाकणला जर्मन कंपन्या आहेत. पण शाळेत नव्वदच्या वर मार्क मिळवलेल्या माझ्या भाच्याला जर्मनमध्ये नाव-गाव-वय यापुढे काही सांगता येत नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला दहावीत वाढीव गुण मिळायला लागल्यापासून गल्लोगल्ली क्लास निघालेत. स्थिरचित्रातला तांब्या शंभरदा काढून घेतात, आणि ग्रेड आली की पोर ब्रश परत हातात धरत नाही.

"मार्क नकोत का मग?" असं माझी जाऊबाई विचारतेच. हवेत की! पण जरा हिशोब करू. सहा विषयांतल्या एकात ९६ ऐवजी ९२ पडले तर एकूण टक्क्यांत फरक पडतो एका टक्क्याहूनही कमी. तेवढ्यासाठी चौदा वर्षांच्या मुलीला दोन वर्षं नावडता विषय द्यायचा? फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजचा कटऑफ दशांशावर अडतो, मान्य. पण आमच्याच ग्रुपवरची निम्मी मंडळी पुढे मुलांना 'इंटिग्रेटेड'ला घालणार आहेत, जिथे कॉलेज फक्त नावाला आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचं. तिथे कटऑफ कुणी विचारत नाही. ज्या कॉलेजात पाऊल ठेवायचं नाही त्याच्यासाठी आर्ट सोडायचं, हे गणित मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पालकांना बोलून झालं, आता शाळांकडे वळते. माझी मिशनरी शाळांकडून इतरांपेक्षा जास्त अपेक्षा आहे आणि त्याला कारण आहे. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापायचा आणि चालवायचा हक्क दिलाय. यांच्याकडे जागा आहे, स्टेज असलेले हॉल आहेत, कित्येक ठिकाणी पियानो आहे, आणि प्रवेशाच्या वेळी गेटाबाहेर रांग असते. नव्या गल्लीबोळातल्या इंटरनॅशनल शाळेला गिऱ्हाईक टिकवायचं असतं, तिने अॅव्हरेज सांगत बसणं मी समजू शकते. ज्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही त्यांनी तरी पालकांच्या तोंडाकडे बघून विषय ठरवू नयेत. आणि हे कौन्सिल तरी आलं कुठून? अँग्लो-इंडियन शाळांच्या पुढाकारातूनच ते १९५८ साली उभं राहिलं, केंब्रिजच्या परीक्षेला इथलाच पर्याय हवा म्हणून. म्हणजे ही पद्धत घडवणाऱ्यांत याच परंपरेतल्या शाळा होत्या.

बरं, नाच-नाटक मिशनऱ्यांच्या शिक्षणात बसत नाही म्हणावं तर तेही खरं नाही. जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी जो अभ्यासाचा आराखडा ठरवला त्यात मुलांना विषय निवडायची सोय फारशी नव्हती, सगळं आखून दिलेलं. पण युरोपभरच्या त्यांच्या शाळा नाटकांसाठी गाजलेल्या होत्या. पाठांतर, आवाज, उभं राहणं, चारचौघांत बोलणं हे सगळं मुलं रंगमंचावर शिकत.

आणि युरोपात कशाला जायचं? दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती सदन उभं केलं, १८९६-९७ च्या दुष्काळात सापडलेल्या मुली गोळा करून आणल्या. त्या मुलींना लिहा-वाचायला तर शिकवलंच, पण विणकाम, शिवणकाम, दुधाचा धंदा, तेल काढणं, छापखाना हेही शिकवलं. मुली खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यातून, बायकांच्या हातून बाहेर पडलं. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना सरस्वती म्हटलेलं. त्यांना हाताचं काम कमी दर्जाचं वाटलं नाही. आमच्या शाळेत 'एसयूपीडब्ल्यू' नावाचा हाताच्या कामाचा तास आहे, सगळ्यांना सक्तीचा. त्याचं काय होतं ते कुठल्याही आईला विचारा. आदल्या रात्री थर्माकोल आपण कापतो, किंवा अप्पा बळवंत चौकातून तयार प्रोजेक्ट आणतो, मुलगी फक्त नाव आणि रोल नंबर घालते.

आता जरा नाजूक विषय. शाळेत आठवड्यातून एक तास असा आहे जिथे मुलींची वाटणी होते. घंटा झाली की कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, जातात आणि बाकीच्या मॉरल सायन्सला बसतात. इथे निवड नाही, ती जन्मानेच झालेली. कायद्याने ते बरोबरच आहे. कलम २८ म्हणतं की शासनमान्य किंवा शासनाचं अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही स्वतःच्या, आणि वय लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. पण त्या मॉरल सायन्समध्ये चालतं काय? रोहनला रस्त्यात पाकीट सापडतं, रोहनने काय करावं? याचं उत्तर पहिलीतल्या पोरालाही येतं. आमच्या कन्येच्या वर्गात त्या तासाला गणिताचा होमवर्क होतो.

माझ्या मुलीला तिच्या कॅथलिक मैत्रिणीने सांगितलेली बायबलमधल्या योनाची गोष्ट, माशाच्या पोटातली, अख्खी पाठ आहे. ती मला विचारते, देवाने त्याला गिळायला मासा का पाठवला? आणि मैत्रीण हिला विचारते, वारीत चालून काय मिळतं? दोघींना उत्सुकता आहे, आणि शाळा नेमकी त्याच तासाला दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवते. पालकांच्या लेखी संमतीने, परीक्षा नसलेला एक ऐच्छिक तास का असू नये, जिथे ज्ञानेश्वरीही वाचली जाईल आणि बायबलही, श्रद्धा म्हणून नाही तर माणसांनी काय विचार केला ते समजायला?

का होत नाही तेही मला माहीत आहे. पुण्यात हे दुखणं जुनं आहे. रमाबाईंची मुलींची शाळा, शारदा सदन, १८८९ ला मुंबईत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुण्यात आली. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती करायचा डाव आहे, अशी ओरड झाली. केसरीने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार समितीतून बाहेर पडली, पालक मुलींना घेऊन गेले. आज एखाद्या सिस्टरने असा तास जाहीर केला तर दुसऱ्या दिवशी गेटवर कोण उभं असेल हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती रोहनचं पाकीट शिकवत राहते. तिला मी भित्री म्हणणार नाही. पण आपण पालक तिच्या बाजूने उभे राहणार नसू तर मॉरल सायन्स मिळमिळीत आहे अशी तक्रारही करू नये.

असो. फॉर्म पुढच्या आठवड्यात द्यायचाय. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागणार आहे. एक, फॉर्मवर मुलीची सही हवी, आणि तिने तो विषय का निवडला यासाठी दोन ओळी तिच्या अक्षरात. दोन, परफॉर्मिंग आर्ट्सचा पर्याय यंदा छापा, पुरेशा मुली आल्या नाहीत तर बंद करा, पण आधी छापा तरी. शिक्षक मिळत नाहीत हे पुण्यात तरी कुणी मला सांगू नये. या शहरात दर दुसऱ्या सोसायटीत कथकचा किंवा गाण्याचा क्लास आहे, विशारद झालेल्या मुली पार्टटाइम काम शोधतायत. आठवड्याला मोजके तास असतात, दोन शाळांनी मिळून एक टीचर ठेवली तरी भागेल.

सिस्टर म्हणाल्यात, नावं आणा, मग बघू. तर आमच्या शाळेच्या नववीतल्या ज्या मुलींना डान्स, म्युझिक किंवा ड्रामा घ्यायचाय त्यांच्या आयांनी मला इनबॉक्स करा. ग्रुपवर लिहू नका, तिथे लगेच कुणीतरी अॅव्हरेज विचारतं.