मलावीच्या शाळांसाठीचं अर्पण नाताळात नको, मे महिन्यात द्या

नाताळ जवळ आला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून आफ्रिकेतल्या गरजू मुलांच्या शिक्षणासाठी अर्पण गोळा होतं. देणाऱ्यांचं मन स्वच्छ असतं. पण मलावीपुरतं बोलायचं तर तो पैसा चुकीच्या महिन्यात पोहोचतो.

मलावीत मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तेव्हाच तो सगळ्यात स्वस्त असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस लागतो, घरातला साठा संपत येतो आणि जानेवारी ते मार्च हे तिथले उपासमारीचे महिने. मक्याचा भाव तोवर कित्येकदा दुपटीवर गेलेला असतो. शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, म्हणजे ऐन मधलं सत्र भुकेचं. मुलं शाळेतून गळतात ती याच दिवसांत. आईबरोबर ‘गान्यू’ला, म्हणजे रोजंदारीवर जातात, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत घरी बसतात. डिसेंबरचं अर्पण फेब्रुवारीत पोहोचलं तर महागाचा मका घ्यायचा आणि चिखलातून ट्रक न्यायचा. तेच पैसे मेमध्ये हातात असले तर गिरणीवाल्याशी आधीच करार होतो आणि पावसाआधी पोती शाळेच्या कोठारात पडतात.

पोती कसली? ‘लिकुनी फाला’ची. राजधानी लिलाँग्वेजवळच्या लिकुनी इथल्या कॅथलिक मिशन रुग्णालयावरून हे नाव पडलं. फाला म्हणजे लापशी. मका चार भाग, सोयाबीन एक भाग, वर साखर, जीवनसत्त्वं आणि खनिजं. मेरीज मील्स या कॅथलिक प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या स्कॉटिश संस्थेने 2002 च्या दुष्काळात मलावीतल्या सुमारे 200 मुलांपासून शाळेत ही लापशी द्यायला सुरुवात केली. आज अनेक देशांत मिळून वीस लाखांहून जास्त मुलं त्यांच्याकडे शाळेच्या दिवशी जेवतात. आपल्या शाळेतल्या खिचडीची ही सख्खी बहीणच.

हिशोब करू. एका मुलाला रोज 100 ग्रॅम पीठ, म्हणजे जेमतेम चारशे कॅलरी. 800 मुलांच्या शाळेला रोज 80 किलो पीठ आणि पाचपट, म्हणजे 400 लिटर पाणी. जवळ हातपंप नसेल तर योजना तिथेच अडते, कारण पाणी वाहणार बायकाच. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. उकळत्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि आतून कच्च्या राहतात. मोठ्या भांड्यात उकळी आल्यावर निदान वीस मिनिटं ढवळत शिजवायचं. तीन दगडांच्या चुलीला लाकूड फार लागतं, म्हणून विटांची बंदिस्त चूल आधी बांधावी. आणि लापशी सकाळी, वर्ग भरायच्या आधी द्यावी. दुपारी दिली तर पहिली-दुसरीची मुलं तोवर घरी गेलेली असतात आणि बाकीच्यांचे सकाळचे तास रिकाम्या पोटी जातात.

बिघडतं कुठे, तेही लिहायला हवं. सोयाबीन न भाजता दळलं तर त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत, पोटं बिघडतात आणि आया मुलांना लापशी खाऊ देत नाहीत. मका 13 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला नाही तर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, आणि ते उकळून जात नाही. पोती जमिनीवर, भिंतीला टेकून रचली की खालचा थर गेलाच म्हणून समजा. लाकडी फळ्या हव्यात, भिंतीपासून हातभर अंतर हवं, जुनं पोतं आधी फोडायला हवं. लापशी घ्यायला पेला नसलेलं मूल रांगेतून गुपचूप निघून जातं, तेव्हा पेलेसुद्धा खर्चात धरा.

सगळ्यात अवघड अडचण वेगळीच आहे. एका शाळेत लापशी सुरू झाली की शेजारच्या गावातली मुलं तिकडे वळतात. 1994 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाल्यापासून पहिलीच्या वर्गात शंभराच्या वर मुलं असणं तिथे नवं नाही, आणि लापशीबरोबर शिक्षक येत नाहीत. म्हणून एकेक शाळा निवडण्याऐवजी आसपासच्या सगळ्या शाळा एकदम घ्याव्यात.

लापशीच्या आधी प्रार्थनेची सक्ती नको, हेही स्पष्ट सांगायला हवं. मलावी सरोवराच्या दक्षिणेला मांगोचीत याओ लोक बहुसंख्येने मुसलमान आहेत. याच याओंपैकी चुमा नावाचा मुलगा गुलामांच्या तांड्यातून सुटला, 1864 मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टोनबरोबर मुंबईला आला आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत शिकला. पुढे लिव्हिंगस्टोनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता. आपल्या मंडळ्यांचं त्या मुलुखाशी नातं इतकं जुनं आहे. ते नातं अटी घालून लहान करू नये.

आता ‘एका मुलाचा खर्च उचला’ या योजनांबद्दल. त्या निरुपयोगी नाहीत. केनिया, युगांडा आणि भारतासह सहा देशांतल्या 2013 च्या एका अभ्यासात अशी मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली आढळली. पण प्राथमिक वर्गात एकालाच नवं दप्तर आणि शेजारच्याला काहीच नाही, हे मला मान्य नाही. आजीकडे, तिथल्या भाषेत ‘आगोगो’कडे, वाढणारी पोरकी मुलं वर्गातून वेगळी काढून दाखवली की त्यांना चिडवलं जातं. तिथे सगळ्यांना सारखी लापशी. एकेकाला मदत माध्यमिकला द्यावी, विशेषतः मुलींना, कारण शाळा लांब असते आणि राहण्या-जेवणाचा खर्च घराला झेपत नाही. तो पैसा थेट शाळेत भरावा आणि मुलाचा फोटो मागू नये.

तेव्हा यंदा नाताळचं अर्पण जरूर घ्या, पण ते बँकेत ठेवा. मे महिन्यात, मका निघाला की पाठवा. आणि पाठवण्याआधी तिथल्या संस्थेला विचारा: सोयाबीन भाजलेलं असतं का, ओलावा कोण मोजतं, आणि पोत्यांची नोंदवही गावातल्या कुणाच्या हातात असते?